एकवीस नंबरचा दात

तिळगूळ घ्या गोड बोला म्हणत समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी हातावर वडी ठेवली. ती चावल्यावर कट्‌कन जो आवाज झाला तो मला वडीचाच वाटला. वडी होतीच तशी, पाक जरा पुढे गेलेला आणि त्यात नाशकातली जानेवारीची थंडी, नुसती शहाबादी फरशी. हळूच बाहेर काढून बघितली तर वडी अख्खी, आणि वड्यांवर काजूची पाकळी खोचतात ना तसा तिच्यात माझा दात खोचलेला. वरचा, समोरचा, अगदी मधला.

हळदीकुंकवाला अठरा-वीस बायका. मी ती वडी दातासकट वाणाच्या स्टीलच्या वाटीत टाकली, तोंडावर पदर धरला आणि दाराकडे सटकले, तर एकीने हात धरला, "नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही हं." आता आमच्या ह्यांच्या नावात एक दंत्य स आहे आणि एक त. रुप्याच्या ताटात वगैरे मी कशीबशी निभावून नेलं, पण शेवटी नावाशी आले आणि तोंडातून नाव न येता कुकरची पहिली शिट्टी आली. बायका आधी गप्प, मग जे हसल्यात! जुन्या बायका नवऱ्याचं नाव का घेत नव्हत्या याचं खरं कारण मला तेव्हा कळलं, सगळ्यांचे दात पडलेले असणार.

तर हा दात तसा मूळचाच अधू. सहावीत असताना सायकलवरून पडले होते तेव्हा त्याला मार बसला, पुढे तो काळा पडला, मग रूट कॅनल, मग कॅप, आणि त्या कॅपच्या जिवावर मी तीस-पस्तीस वर्षं ऊस, भुईमुगाच्या शेंगा, झालंच तर गोधडीचे दोरे असं सगळं तोडलं. डॉक्टर कोण, तर माझाच विद्यार्थी. दहावी ब. मागच्या बाकावर बसून अखंड बडबड करायचा, पूर्वपरीक्षेला मराठीत मी त्याला काठावर पस्तीस दिले होते, ते पण निबंधात दोन मार्क जास्तीचे टाकून. दोन वर्षं ज्याला मी "तोंड बंद ठेव" म्हटलं तो आता दिवा माझ्या तोंडावर ओढून म्हणतो, "बाई, आ करा. अजून मोठा. आणि बोलू नका."

एक्स-रे बघून म्हणाला, बाई, एकवीस नंबरचं मूळ उभं चिरलंय, काढावंच लागेल. मी म्हटलं एकवीस कसा, मी तर मधला दाखवतेय. तर ह्यांचं मोजायचं गणित वेगळं असतं म्हणे. तोंडाचे चार भाग करायचे, वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार, आणि प्रत्येकात मधून मागे एक ते आठ. म्हणजे दोन-एक, एकवीस. दात बत्तीसच, पण शेवटचा नंबर अठ्ठेचाळीस. आमच्या शाळेत पटावर अशी मुलं दाखवली असती तर चौकशी लागली असती.

ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, का नको हे मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितलंय की आता परीक्षेला आलं तर पूर्ण मार्क मिळवीन. ब्रिजला शेजारचे दोन चांगले दात तासावे लागतात. माझे शेजारी बिचारे निर्दोष, त्यांनी कधी कुणाच्या वडीला तोंड लावलं नाही, त्यांना कशाला शिक्षा? म्हणून इम्प्लांट. हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. पण तो लगेच बसत नाही, कारण समोरच्या दाताच्या पुढचं हाड मुळात कागदासारखं पातळ असतं आणि दात काढला की ते विरघळायला लागतं. म्हणून आधी दात काढून खड्ड्यात हाडाची पूड भरायची, चार महिने थांबायचं, मग स्क्रू, परत तीन-चार महिने थांबायचं, मग दात. ही पूड काही ठिकाणी गाईच्या हाडापासून केलेली वापरतात, पण ह्याने माझ्याकडे बघून स्वतःच सांगितलं, "बाई, सिंथेटिक टाकतो, घरी सांगायला सोपं पडेल." (मुलगा हुशार आहे, पस्तीस जरा कमीच दिले.) खर्च सगळा मिळून बेचाळीस हजार.

सासूबाईंनी हा आकडा ऐकून जपमाळ खाली ठेवली. "माझी अख्खी कवळी सहा हजारात झाली गं. वरखाली मिळून. तुझा एक बेचाळीसचा?" मग बराच वेळ मनात हिशोब चालला असावा, कारण रात्री जेवताना म्हणाल्या, "त्या भावाने तोंड भरायचं म्हणजे तेरा-चौदा लाख होतात."

काढताना दुखलं नाही, खोटं का बोलू. पुढे मात्र आठवडाभर फट तशीच, आणि शाळा चालू. मी मास्क लावून जायला लागले, धुळीची ॲलर्जी म्हणून सांगितलं. करोनाने बाकी काय दिलं माहीत नाही, पण मास्क घातलेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही हे एक बरं केलं. फक्त आठवीला त्याच आठवड्यात वर्णविचार आला. आला म्हणजे काय, वार्षिक नियोजनात मीच टाकलेला. "जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून म्हणा, त, थ, द, ध, न, ल, स. हे झाले दंत्य." मुलं म्हणतात. मी म्हणते. माझ्या स ला मास्कच्या आत वारा सुटतो आणि चष्म्यावर वाफ धरते. मग दंततालव्य, चमचा, जहाज, झरा. चमच्याला तर अशी शीळ निघाली की खिडकीजवळच्या मुलाने बाहेर वाकून बघितलं, त्याला वाटलं पीटीचे सर आले. मग पहिल्या बाकावरची एक शहाणी हात वर करून विचारते, "बाई, पण कुठल्या दाताला टेकवायची?" मी म्हटलं, तुझ्या.

पकडलं मला दुसरीतल्या एका पोराने. आमची शाळा गावठाणातली, खाली कौलारू भागात प्राथमिकचे वर्ग भरतात. मी मधल्या सुट्टीत नळाजवळ मास्क खाली करून पाणी पीत होते, बाजूला हा, बाटली भरत. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, आणि जवळ येऊन तोंड उघडून दाखवलं. समोरचे दोन्ही गायब.

"बाई, माझे पण पडलेत."

"हो रे, अगदी सेम."

"तुमचा कधी येणार?"

"सप्टेंबरमध्ये."

त्याने जरा विचार केला. "लई उशीर लावला. दात कुठं टाकला?"

मी म्हटलं डॉक्टरांनी पिवळ्या पिशवीत टाकला, तोडका भाग तेवढा घरी वाटीत आहे. तर त्याला ते अजिबात पटलं नाही. कौलावर टाकायचा असतो म्हणे, उंदीरमामाला सांगून, जुना घे नवा दे, मग लवकर येतो, माझ्या आजीने टाकला. आमच्या सोसायटीला कौलं कुठली, स्लॅब आहे, वर सोलरच्या टाक्या. पण दुसऱ्या दिवशी मी टिश्यू पेपरात गुंडाळून तो अर्धा दात पर्समधून शाळेत घेऊन गेले, का नेला ते मला विचारू नका. शाळा सुटल्यावर त्या पोराच्या देखरेखीखाली कौलावर भिरकावला. पहिल्यांदा नेम चुकून पन्हाळीत अडकला, मग शिपाईमामांनी शिडी लावून काढून दिला, काय वस्तू आहे म्हणून उलटसुलट करून बघितली आणि काही न बोलता परत हातात ठेवली. दुसऱ्यांदा गेला बरोबर. वरची कॅप सिरॅमिकची होती, उंदराला चालली असेल का देव जाणे.

मग तात्पुरता दात आला. म्हणजे टाळूला चिकटून बसणारी गुलाबी प्लास्टिकची पट्टी आणि तिला पुढे एकच दात. दिसायला छान, फोटोत तर कळतच नाही, पण टाळू झाकला गेला की जेवणाला चवच लागत नाही, आणि नाशकात राहून मिसळीला चव न लागणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. शिवाय रात्री काढून पाण्यात ठेवायचा. घरात मोकळी वाटी म्हणजे तीच, हळदीकुंकवाच्या वाणाची. आता चित्र बघा, बेसिनवरच्या फळीवर एका वाटीत सासूबाईंची कवळी, शेजारच्या वाटीत माझा एक दात. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण आम्ही दोघी एकमेकींना इतक्या जवळच्या कधीच वाटलो नव्हतो. झोपताना त्या बोळक्या तोंडाने बजावून जायच्या, "अगं, शकाळी बघून घे गं, माझी नेशील." हसू यायचं, पण मलाही बोलता यायचं नाही धड.

मेच्या सुट्टीत स्क्रू बसवायचा ठरला. शिक्षकांची सगळी दुखणी मेमध्ये काढायची असतात, ऑपरेशन असो की घराला रंग. हिरड्यांना इंजेक्शन दिलं ते ठीक होतं, पण समोरच्या दातांच्या मागे टाळूला एक छोटा उंचवटा असतो, गरम पोहे खाल्ल्यावर जो पोळतो तोच, तिथे सुई टोचली तेव्हा मला माझी आई, तिची आई आणि गावचा मारुती असे एकदम दिसले. भूल चढेपर्यंत हा मला गोष्ट सांगत बसला. मी बोलू शकत नाही म्हटल्यावर त्याची बडबड परत सुरू, दहावी ब.

तर १९५२ च्या सुमाराला स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे एक संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक नळकांडी बसवून आतलं रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर महागाची वस्तू म्हणून काढायला गेले, तर निघेचना. हाडाने तिला धरून ठेवलेलं, आपलीच समजून. त्यातून पुढे हे सगळं निघालं आणि १९६५ ला पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. गोष्ट छानच आहे, पण माझ्या डोक्यात एकच, प्रयोगशाळेचं साहित्य सशात अडकून राहिलं तर डेड स्टॉक रजिस्टरला त्या माणसाने नोंद काय केली असेल? आमच्याकडे एक तुटलेला नकाशा निर्लेखित करायला तीन वर्षं लागलीत.

मग ड्रिल. दुखत नाही, अजिबात नाही, फक्त शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम निघाल्यावर भिंतीतून जसं येतं तसं येतं, आणि ती भिंत म्हणजे आपण. गार पाणी सोडताहेत, ते दुसरी मुलगी नळीने ओढून घेतेय, आणि मधेच हा थांबून खोली मोजतोय, सुतार खिळ्याची मोजतो तशी. साडेअकरा मिलिमीटर लांबीचा तो स्क्रू शेवटी हाताच्या छोट्या पान्याने आवळला. त्या पान्यावर आकडे असतात, किती घट्ट बसला त्याचे. एक टक् आवाज झाला. त्याने आकडा बघितला, मास्कच्या वर त्याचे डोळे चमकले आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, पस्तीस आले."

तोंडात कापूस होता म्हणून वाचला.

पुढचे साडेतीन महिने सांगण्यासारखं काही नाही. हाड आपलं काम करत होतं आणि मी पपई, वरणभात, मऊ पोळी असं सगळं मागच्या दातांनी खात होते. चिवडा बघत होते फक्त. गणपतीत घरी येणारा प्रत्येक माणूस एकदंतावरून तोच एक विनोद करायचा, आणि आपल्यालाच सुचला अशा चेहऱ्याने. अकराव्यानंतर मी मोजणं सोडलं.

सप्टेंबरात रंग जुळवायचा कार्यक्रम झाला. साडीच्या दुकानात मॅचिंग ब्लाउजपीस काढतात तसा हा खोट्या दातांचा एक पंखा घेऊन आला आणि मला खिडकीशी उभं केलं, दिव्याखाली रंग फसतो म्हणे, दिवसाच्या उजेडातच बघायचा. एक एक दात माझ्या दाताला लावून बघत शेवटी म्हणाला, ए थ्री. मला वाटलं ए म्हणजे काहीतरी चांगली ग्रेड. तर ते म्हणजे तांबूस-तपकिरी, त्यात तीन म्हणजे बराच. स्टाफरूमचा चहा, दिवसाला पाच. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्या म्हणाल्या बेचाळीस हजार देतोय तर पांढराशुभ्र द्या की. त्याने नम्रपणे समजावलं, "आजी, मग बाकीचे सगळे बदलावे लागतील." सासूबाईंनी लगेच मनात तेरा-चौदा लाख आठवले असणार, गप्प बसल्या.

बसला एकदाचा. झिरकोनियाचा, ए थ्री. पहिल्या दिवशी घरी येऊन आरशासमोर उभी राहून मी ह्यांचं नाव चार वेळा मोठ्याने घेतलं. हे आतून "काय गं?" करत धावत आले. काही नाही म्हटलं, जा.

आणि परवा तो पोरगा भेटला, आता तिसरीत गेलाय. त्याच नळावर. त्याचे दोन्ही दात जूनमध्येच आलेले, फुकटात, चांगले फावड्यासारखे. मी आपणहून मास्क नसलेलं तोंड उघडून दाखवलं, म्हटलं बघ, आला. त्याने डॉक्टरपेक्षा जास्त वेळ घेऊन तपासलं, बोटाने हात लावू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. मग स्वतःचे दात दाखवले. नव्या दातांची खालची कड कशी असते बघितलीये का कधी? तीन बारीक उंचवटे, करवतीसारखे.

"बाई, माझ्याला करवत आहे," तो म्हणाला, "तुमच्याला नाही दिली."

आणि बाटली भरून गेला.