लाल ढेकणाचे पंख जळलेले नसतात

कपाशीच्या बोंडावर बसलेल्या लाल किड्याचा फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर: ‘हा लाल भुंगेरा. औषधाने पंखांची टोकं जळाली, म्हणजे फवारणी लागू पडली.’ दोन्ही गोष्टी चूक.

तो लाल ढेकूण आहे, आणि ती काळी टोकं नैसर्गिक आहेत. ढेकूणवर्गीय किडींच्या पुढच्या पंखाचा बुडखा चामड्यासारखा जाड आणि शेंडा पातळ पापुद्र्याचा असतो. लाल ढेकणात जाड भाग लाल, त्यावर एकेक काळा ठिपका, पापुद्रा काळा. पंख मिटले की हे पापुद्रे एकमेकांवर चढतात, पाठीवर फुलीसारखी खूण दिसते. भुंगेऱ्याचे पुढचे पंख सहसा पूर्ण कडक असतात आणि मधोमध सरळ रेषेत मिटतात. तरी शंका असेल तर किडा उलटा करा: पोटाखाली दुमडलेली सोंड दिसेल. याच सोंडेने तो सरकीतला रस शोषतो. रुईवर डाग पडतात. पानं कुरतडायला त्याला जबडेच नाहीत!

मावा, तुडतुडे लाल ढेकणाच्याच गणातले, म्हणजे कीटकांच्या त्याच मोठ्या गटातले, पण त्यांचे पंख असे दुभागलेले नसतात. आणि बिनपंखी लाल किडे दिसले, तर तीही औषधाची करामत नव्हे. ती पिल्लं आहेत.