स्प्रिंग गंजत नाही, काका

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात ओळखीचे एक काका, हृदयात स्टेंट बसवलेले, क्लोपिडोग्रेलचं, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या गोळीचं, पान परत घेऊन आले. पंधरापैकी चारच गोळ्या खाल्लेल्या. "उरलेल्या घेता का परत? मला नकोत आता," म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. मेसेज बघताक्षणी ओळखला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा फिरतोय. त्यात लिहिलंय: स्टेंट म्हणजे लोखंडी स्प्रिंग, पाच वर्षांत गंजते नि सरकते. एमआरआयमध्ये ओढली जाते. गोळ्या कंपन्यांच्या फायद्यासाठी. अँजिओप्लास्टी हाच मुळात धंदा. आणि आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर-मधाच्या काढ्याने ब्लॉकेज आपोआप साफ होतात.

अरुंद झालेली हृदयाची रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवतात ती धातूची बारीक जाळी म्हणजे स्टेंट; तो लोखंडी तारेची स्प्रिंग नसतो. पूर्वी तो स्टेनलेस स्टीलचा असायचा, आता बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमियम किंवा प्लॅटिनम-क्रोमियमचा असतो. जाळीची काडी साधारण केसाएवढी बारीक. आतला फुगा फुगवला की ती रक्तवाहिनीच्या भिंतीत दाबून बसते, आणि काही महिन्यांत वाहिनीचं आतलं अस्तर तिच्यावर चढतं. भिंतीत अशी गाडलेली जाळी सरकेल कुठे? मुदत असते ती खोक्यावर छापलेली, बसवायच्या आधीची. एमआरआयच्या चुंबकाने ती ओढली जात नाही. तपासणीला जाताना स्टेंटचं कार्ड दाखवायचं, एवढंच.

म्हणून स्टेंट बसला की विषय संपला, असं मात्र मी म्हणणार नाही. माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट १९८६ साली बसले. त्या साध्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस-तीस जणांची वाहिनी वर्षभरात आतून पुन्हा अरुंद व्हायची. म्हणून २००२-०३ च्या सुमारास औषधाचा लेप असलेले स्टेंट आले. ते प्रमाण खूप उतरलं, पण नवीच पंचाईत झाली: लेपामुळे अस्तर उशिरा धरायचं आणि काही जणांत वर्ष उलटून गेल्यावर गुठळी व्हायची. २००६ मध्ये यावरून जगभर गदारोळ झाला. आताचे लेप आणि बारीक काड्या यांमुळे तो धोका बराच कमी झालाय. तरी पहिल्या वर्षानंतरही दरवर्षी शंभरातल्या साधारण दोघांना स्टेंटच्या जागी काही ना काही त्रास होतो. कारण गंज नव्हे. अस्तर जाड होतं, स्टेंटच्या आतच नव्याने चरबी साठते, किंवा गुठळी होते. "शरीरात कायमचा धातू नको" म्हणणाऱ्यांसाठी विरघळणारा स्टेंटही निघाला होता. त्यात गुठळ्या जास्त होतात असं दिसल्यावर त्यातला सगळ्यात गाजलेला २०१७ मध्ये बाजारातून गेला.

आता गोळ्या. अस्तर चढेपर्यंत उघड्या जाळीला रक्तातल्या, गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्स चिकटू नयेत म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात. अटॅक येऊन स्टेंट बसला असेल तर सहसा बारा महिने, ठरवून बसवला असेल तर सहा, आणि रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर त्याहून कमी करतात. पुढे बहुधा एक गोळी कायम. काकांना अटॅक येऊन जेमतेम तीन महिने झालेत! क्लोपिडोग्रेलचं पेटंट तर कधीच संपलंय, जनऔषधी केंद्रातही ती स्वस्तात मिळते. दात काढायचाय म्हणून परस्पर गोळी थांबवणारेही माझ्याकडे येतात. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा थांबवावी लागतच नाही. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल मनाने घेऊ नका, क्लोपिडोग्रेलचा जोर त्याने उतरतो.

काढ्याबद्दल काय बोलायचं! व्हिनेगर पोटात जातं, ब्लॉकेज हृदयाच्या वाहिनीत असतं. भाजीतला लसूण खुशाल खा. पण रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना लसणाचा अर्क वाटी-वाटी पिणं म्हणजे रक्तस्रावाला आवतण.

धंद्याचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने लेपवाल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी एका स्टेंटला लाखाच्या वर मोजलेले लोक याच ठाण्यात आहेत, त्यांचा संशय कुठून आला हे कळतं. शिवाय २०१९ मध्ये निकाल आलेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीत पाच हजारांवर रुग्ण होते. ज्यांचा आजार स्थिर आहे, त्यांच्यात आधी औषधं चालू केली काय नि लगेच स्टेंट किंवा बायपास केली काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. छातीत दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं. तेव्हा "डॉक्टर, औषधांवर भागेल का?" हा प्रश्न रास्तच आहे. तो स्टेंट बसवण्याआधी विचारायचा. आणि ऐन अटॅकमध्ये विचारत बसायचा नाही, तिथे बंद वाहिनी उघडूनच जीव वाचतो.

पान मी परत घेतलं नाही. काकांना स्टुलावर बसवलं आणि दुकानातूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. "किती दिवस चुकल्या?" पलीकडून आवाज आला. काकांनी पानावरची रिकामी घरं मोजली, मग बोटं मोजली, आणि हळूच म्हणाले, "सहा."