परदेशातून : दुसरी पूर्वपरीक्षा कोणासाठी?

नाशिकरोडच्या एका कॅथॉलिक शाळेत शिकणारी माझी भाची यंदा दहावीला आहे. डिसेंबरमध्ये फोनवर बोलताना मी तिला पुढच्या दोन महिन्यांचे वेळापत्रक विचारले आणि ती सांगत गेली तसे कागदावर उतरवून घेतले. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी नाताळच्या कार्यक्रमाची तालीम, शनिवारी क्लासची चाचणी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, आणि त्यानंतर गायनवृंदाचा सराव. जानेवारीत पहिली पूर्वपरीक्षा, तिच्या पाठोपाठ दुसरी, मग तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिके, आणि 20 फेब्रुवारीपासून बोर्डाची लेखी परीक्षा. ‘आत्या, यात झोप कुठे लिहू?’ असे तिने विचारले, तेव्हा ती थट्टा करत नव्हती.

याच विषयावर तिच्या शाळेच्या पालकसभेत वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या असून, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यात म्हटले आहे. देशात 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद त्यामागे आहे आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. त्यामुळे काही पालकांनी तत्काळ समुपदेशक नेमण्याची मागणी केली. इतरांचे म्हणणे असे होते की, दहावीच्या मुलांना नाताळचा कार्यक्रम आणि स्नेहसंमेलन यांतून वगळावे, म्हणजे ताण आपोआप कमी होईल. माझा दादा या दुसऱ्या बाजूचा आहे.

मी चौदा वर्षे मेलबर्नमध्ये राहते आणि माझी मुलगी इथल्या कॅथॉलिक शाळेतून बारावी झाली, म्हणून दादाने माझे मत विचारले. ऑस्ट्रेलियात सुमारे पाचपैकी एक विद्यार्थी कॅथॉलिक शाळेत शिकतो आणि मुलांची काळजी घेण्याची व्यवस्था हा या शाळांच्या कामाचा नेहमीचा भाग मानला जातो. समुपदेशकाची गरज मला पूर्ण मान्य आहे. परंतु आमच्या अनुभवात मुलीला सावरले ते समुपदेशकाने नव्हे. तिच्या बारावीच्या परीक्षेला दोन आठवडे उरले असताना माझे वडील नाशिकला वारले. मुलगी घरी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेचा मला फोन आला, कारण रोज सकाळी हजेरीच्या वेळी त्याच बाई तिला भेटत होत्या आणि तिने दोन दिवस डबा उघडला नसल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. समुपदेशकाची वेळ त्यानंतर तीन आठवड्यांनी मिळाली, म्हणजे परीक्षा सुरू झाल्यावर.

त्याच बाईंनी आम्हाला इथल्या परीक्षा मंडळाची एक तरतूद समजावून सांगितली. परीक्षेच्या काळात विद्यार्थी आजारी पडला किंवा त्याच्यावर एखादा आघात झाला, तर पुराव्यासह अर्ज करता येतो आणि शाळेतील वर्षभराचे मूल्यमापन, जूनमधील सामान्य क्षमता चाचणी वगैरे पाहून त्या विषयाचे गुण ठरवता येतात. मुलीला अखेर तो अर्ज करावा लागला नाही. मात्र अशी वाट आहे, हे कळल्यावर ती त्या रात्री झोपली. आपल्याकडे पेपर चुकला तर जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेची वाट पाहावी लागते. बोर्डाच्या पातळीवर हा प्रश्न कोणीतरी मांडायलाच हवा; शाळेच्या हातात ते नाही.

शाळेच्या हातात तिचे स्वतःचे वेळापत्रक आहे. नाताळची तालीम रद्द करण्याच्या मी विरोधात आहे, कारण भाचीच्या त्या कागदावरच्या साऱ्या गोष्टींपैकी ज्या तासाबद्दल ती आनंदाने बोलली तो तेवढा एकच होता. रद्द करायचीच असेल तर दुसरी पूर्वपरीक्षा करावी. पहिलीतून मुलाला आपले कच्चे दुवे कळतात. दुसरी बहुतेक ठिकाणी निकालाच्या टक्केवारीच्या धास्तीपोटी घेतली जाते. साठ मुलांच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात शिक्षकांचे जे दिवस जातात, नेमके त्याच दिवसांत मुलांकडे पाहायला कोणीतरी मोकळे असण्याची गरज असते. ते दिवस परत मिळाले, तर दहावीतली दहा-दहा मुले एकेका मोठ्या माणसाच्या हवाली करता येतील. त्यात खेळाचे सर, ग्रंथपाल आणि कार्यालयातले कारकूनही यावेत. रोज दोन मिनिटे बोलणे, डबा खाल्ला का आणि किती वाजता झोपलास हे विचारणे, आणि काही खटकले तर त्याच दिवशी घरी फोन करणे, एवढेच त्यांचे काम असावे. दिवसरात्र चालणाऱ्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक मुलांच्या डायरीत पहिल्याच पानावर छापावा.

नाशिकमध्ये हे अधिक निकडीचे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड आणि दिंडोरीकडे द्राक्षांची काढणी चालू असते आणि बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या बागायतदारांच्या किंवा मजुरांच्या मुलांना भेटायला आईवडील येऊ शकत नाहीत. बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीतच असते आणि आमच्या घरांतून पाहुण्यांची गर्दी होते. यंदा, 2026 मध्ये, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस असलेला राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला, म्हणजे दहावीच्या पहिल्या पेपरच्या दोनच दिवस आधी आहे आणि रमजानही त्याच सुमारास सुरू होतो आहे. आमच्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात. उपास करणाऱ्या मुलाला, मग ते कोणत्याही धर्माचे असो, पेपरच्या दिवशी काय करावे याविषयी घरच्यांशी आधीच बोलून ठेवणे शाळेला कठीण नाही. नाशिक धर्मप्रांत 1987 मध्ये स्थापन झाला. त्याच्या क्षेत्रातील सर्व कॅथॉलिक शाळांनी मिळून एक समान कॅलेंडर आखले आणि जानेवारीपासून लेखी परीक्षा संपेपर्यंत दहावी-बारावीच्या मुलांवर कोणताही नवा कार्यक्रम टाकायचा नाही असे ठरवले, तर एकट्या मुख्याध्यापिकेला पालकांच्या दबावाला तोंड द्यावे लागणार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेच्या फाटकाशी एक वृद्ध सिस्टर रोज सकाळी उभ्या असत. त्या प्रत्येकीच्या कपाळाला हात लावून पाहत आणि अंग गरम लागले तर तिथूनच प्रेसमध्ये कामाला असलेल्या माझ्या वडिलांना निरोप पाठवत. मेलबर्नच्या त्या बाईंचा फोन आला, तेव्हा मला या सिस्टर आठवल्या.

दादाला हे सगळे पटले आहे, असे नाही. पण पुढच्या पालकसभेत तो दुसऱ्या पूर्वपरीक्षेचा मुद्दा मांडणार आहे. त्या परीक्षेचे वेळापत्रक मात्र कालच फळ्यावर लागल्याचे भाचीने कळवले आहे.