पळते, पण उभी राहत नाही

आमच्या गाडीला पळायचं वावडं कधीच नव्हतं. ऐंशीच्या वेगाला ती अगदी गरीब गाय. पण सिग्नलला उभी केली, की तिच्या अंगात यायचं. आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारा, काटा ८०० च्या आसपास गप्प बसायला हवा. तो ५०० वर घसरायचा, गाडीला हुडहुडी भरायची, आता बंद पडणार म्हणून मी श्वास रोखावा, तोच काटा उसळी मारून १४०० वर! पुन्हा खाली. शेजारच्या मोटरसायकलवाल्याला वाटायचं, मी त्याला शर्यतीला बोलावतोय.

मेकॅनिकला फोन केला. "आवाज कसा येतो, साहेब?"

"घूंऽऽ, घूंऽऽ, भक्."

"भक् आधी, की घूं आधी?"

मी पहिल्यापासून पुन्हा करून दाखवलं. ऑफिसात माझ्याकडे पाठ करून बसणारे दोघं त्या दिवशी तोंड करून बसले.

गॅरेजच्या दारात शिरताच गाडी अर्थातच बरी झाली. तरीही चार स्पार्क प्लग बदलून झाले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, पण पखाल निदान नवी कोरी झाली. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचं घर, उघडली. आत कार्बनचा असा थर, की मेकॅनिकने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. एखाद्याच्या घरातलं माजघर बघून हलवावी तशी.

साफसफाई झाली, गाडी सुरू केली, आणि काटा १५०० वर जाऊन तिथेच मुक्कामाला बसला. म्हणजे स्वच्छतेने दुखणं वाढलं! मेकॅनिक शांत. त्याचं म्हणणं, गाडीतल्या कॉम्प्युटरने इतकी वर्षं त्या घाणीशी जुळवून घेतलं होतं. कार्बनने वाट अडवली, की झडप आणखी थोडी उघडायची, असा त्याचा शिरस्ता. आता वाट मोकळी आहे हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. शिकवणी झाली. काटा १५०० वरून उतरला आणि... घूंऽऽ, घूंऽऽ, भक्.

शेवटी स्कॅनर लावला. कोड आला, पी ०१७१.

"गाडी लीन चालतेय, साहेब."

मी आजवर तिच्यात बरेच गुण पाहिले होते, लीनता त्यांत नव्हती. पण हे लीन निराळं. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथे हवा जास्त होत होती. आत येणाऱ्या हवेचं माप घ्यायला सेन्सर बसवलेला असतो, आणि त्याच्या पुढे कुठेतरी फट पडली, तर मागच्या दाराने हवा शिरते, जिची कुठे नोंदच नाही. कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो, कमी करतो, पुन्हा वाढवतो. महिनाअखेरीचा माझा हिशोब असाच चालतो, म्हणून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

मग पळताना ती शहाणी कशी? तर वेगात इंजिन इतकी हवा ओढतं, की ती चोरटी हवा त्यात जमेलाच येत नाही. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, इंजिनाचा घास एवढासा आणि आतली ओढ मात्र दांडगी. अशा वेळी तीच हवा डोईजड होते.

मेकॅनिकने इंजिन बंद करून आत धूर सोडला. आम्ही दोघं बॉनेटखाली डोकी घालून वाट बघत राहिलो. पार मागे, पेन्सिलीएवढ्या एका रबरी पाइपच्या कोपऱ्यातून धुराची रेघ निघाली. चीर नखाएवढी. मला वाटलं होतं, काहीतरी भारदस्त निघेल.

"सुसू आवाज येत असेल ना, साहेब?"

येत होता. बायको महिनाभर सांगत होती, "अहो, काहीतरी सुसू वाजतंय." मी तिला एसीचा आवाज म्हणून समजावलं होतं आणि वर रेडिओ मोठा केला होता.

पाइप बदलला. आता गाडी सिग्नलला अशी उभी राहते, की सुरू आहे का बंद, कळत नाही. माझी नजर मात्र काट्यावरून हटत नाही. काल तो किंचित हलला, माझ्या पोटात गोळा आला. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला होता, एवढंच. मी ८०० वर तो परत बसेपर्यंत बघत राहिलो.

"अहो," बायको म्हणाली, "हिरवा होऊन गेला."