ओरेम, किंग, रॉय यांना अडगळीत टाकण्याआधी

नर्सिंगचे विद्यार्थी आणि स्टाफ यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. ओरेम, किंग आणि रॉय या तीन अमेरिकन नर्सेसच्या थिअरी आपल्याकडे नर्सिंगला शिकवतात: ओरेम यांची सेल्फ-केअरची, किंग यांची पेशंट आणि नर्सने मिळून ध्येय ठरवण्याची, रॉय यांची ॲडाप्टेशनची, म्हणजे जुळवून घेण्याची. मजकूर त्यांच्यावरच आहे आणि थोडक्यात तो असा: ‘ओरेम, किंग, रॉय ही नावं फक्त पेपरापुरती. अमेरिकेत खुर्चीत बसून लिहिलेल्या या थिअरींचा आपल्या वॉर्डाशी काडीचा संबंध नाही. सेल्फ-केअर म्हणजे पेशंटने आपलं आपण बघायचं, पण आपल्याकडे सगळं नातेवाईकच करतात. पेशंटचं ध्येय डॉक्टर ठरवतात, सिस्टर नाही. ॲडाप्टेशन म्हणजे मुकाट सोसा. चाळीस पेशंटला एक सिस्टर असताना थिअरी पाळायची कधी? आणि एवढं करून पेशंट बरा होतो याला पुरावा काय?’ खाली टाळ्यांचा पाऊस.

मी नर्सिंग शिकवते. त्याआधी मेडिसिन आणि ऑर्थोच्या वॉर्डात ड्यूट्या केल्या आहेत, त्यामुळे टाळ्या का पडतात ते कळतं. थिअरीच्या आकृतीतल्या चौकटी आणि बाण पाठ करायचे, पेपरात काढायचे, मग पोस्टिंगला गेल्यावर सीनियरच्या फाईलवरून केअर प्लॅनमध्ये ‘सेल्फ-केअर डेफिसिट’ (स्वतःची काळजी घेण्यात पडणारी उणीव) उतरवून काढायचं; पेशंटला डेंग्यू असो की मांडीचं हाड मोडलेलं असो, वाक्य तेच. अशा मुलीला हा सगळा प्रकार थोतांड वाटला तर तिची काय चूक? पण शिकवण्यात खोट आहे म्हणून शिकवलेल्या गोष्टीतही खोट आहे, असं होत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘खुर्चीत बसून लिहिलं.’ हे लवकर उरकतं. डोरोथिया ओरेम १९४९ ते १९५७ या काळात इंडियाना राज्याच्या आरोग्य खात्यात होत्या आणि तिथल्या हॉस्पिटलांमधली नर्सिंग सेवा सुधारणं हे त्यांचं काम होतं. नर्सेस दिवसभर राबतात, पण आपण नेमकं काय करतो आणि त्यासाठी काय हवं हे त्यांना प्रशासनासमोर मांडता येत नाही, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्यातून त्यांचा प्रश्न आला: माणसाला नर्सची गरज नक्की कधी पडते? पुस्तक आलं १९७१ मध्ये. इमोजीन किंग सेंट लुईसच्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये दहाएक वर्षं मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवत होत्या. कॅलिस्टा रॉय लहान मुलांच्या वॉर्डातल्या नर्स. आजारी मुलं मोठ्या बदलांतून किती चटकन सावरतात हे पाहून त्यांचं मॉडेल सुचलं आणि १९७० मध्ये छापून आलं. खुर्ची होती, पण ड्यूटी आधी झाली होती. आणि परदेशी म्हणून टाकायचं म्हटलं तर बेशुद्धी किती खोल ते मोजायचा ग्लासगो कोमा स्केलसुद्धा आयसीयूच्या चार्टवरून खोडावा लागेल.

आता मुख्य मुद्दा. ‘सेल्फ-केअर म्हणजे पेशंटने आपलं आपण बघायचं, आपल्याकडे नातेवाईक करतात.’ ओरेमबाई असं कुठेही म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की माणूस एरवी श्वास, पाणी, अन्न, शौच-लघवी, हालचाल-विश्रांती, एकांत-सोबत, धोक्यांपासून बचाव हे सगळं स्वतः सांभाळतो. आजाराने यातलं काय आज त्याच्या हातून सुटलं, तेवढंच नर्सने उचलायचं. पूर्ण सुटलं असेल तर पूर्ण, थोडं सुटलं असेल तर थोडं, आणि नुसती माहिती वा धीर कमी पडत असेल तर तो द्यायचा. पक्षाघाताचा पेशंट घ्या. पहिल्या दिवशी तोंड धुण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं सिस्टरच्या हातात. आठवड्याने डावा हात चालतोय, तर घास त्याने घ्यायचा, ताट आपण धरायचं. त्या दिवशीही आपणच भरवत बसलो तर ती माया नव्हे, त्याच्या हाताचं नुकसान आहे. कधी करायचं आणि कधी हात मागे घ्यायचा, हे ठरवण्याची शिस्त म्हणजे ही थिअरी.

नातेवाईकांचं म्हणाल तर ओरेमबाईंच्या मांडणीत त्यांना रीतसर जागा आहे. पेशंटच्या वतीने त्याची काळजी घेणारं माणूस, आणि त्या माणसाची ते करण्याची कुवत, दोन्ही त्यात मोजलेलं आहे. आपल्याकडे नातेवाईक सगळं करतात हे खरं, म्हणून तर हा भाग आपल्याला जास्त लागतो. कारण ते न शिकवता करतात. राईल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीचं, फीड कोण देतं? रात्रपाळीला सून किंवा मुलगा. पेशंट सपाट झोपलेला, सिरिंजचा दट्ट्या दाबून दोनशे मिली पेज एका दमात आत, लगेच ट्यूब बंद आणि लाईट बंद. तिसऱ्या दिवशी ताप आणि छातीत घरघर, मग सगळे म्हणतात न्यूमोनिया झाला. डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर करा, ट्यूब जागेवर आहे का ते सिस्टरकडून बघून घ्या, दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू द्या, नंतर निदान अर्धा-पाऊण तास पेशंटला आडवं करू नका. एवढं शिकवून, त्या नातेवाईकाकडून एकदा आपल्यासमोर करून घेणं, हे नर्सिंगच आहे. ‘नातेवाईक करतात’ म्हणून आपण मोकळे होत नाही.

आणि काही कामं नातेवाईकही करू शकत नाहीत. कुष्ठरोगाचं उदाहरण महाराष्ट्राला नवीन नाही; दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठरोग्यांसाठीच्या संस्थांची नावं आपल्याकडे अनेकांना माहीत असतात. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या, गोळ्या ६ किंवा १२ महिन्यांत संपतात, पण मेलेल्या नसांची बधिरता राहते. खिळा रुतला तरी कळत नाही, चालत राहतो, जखम हाडापर्यंत जाते. यावर उपाय रोजचा आहे: पाय वीस-तीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, कडक झालेली कातडी खरबरीत दगडाने हळूहळू घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, तळवे आरशात बघायचे, खिळे नसलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल घालायची. जन्मभर. कुठली सिस्टर हे जन्मभर घरी येऊन करणार? हे त्या माणसाने स्वतःच केलं तर पाय वाचतो. ‘सेल्फ-केअर आपल्याकडे चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी एखाद्या कुष्ठरोग केंद्रात बादल्यांत पाय सोडून बसलेली माणसं एकदा बघावीत.

‘ध्येय डॉक्टर ठरवतात.’ उपचार डॉक्टर ठरवतात, बरोबर. किंग यांचा मुद्दा वेगळा आहे. पेशंट आणि नर्स एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या नजरेने बघत असतात. त्या नजरा समोरासमोर आणून दोघांना पटेल असं ध्येय आणि तिथे जायची वाट ठरली, तरच काम पुढे सरकतं. गुडघा बदललेल्या शेतकरी बाईचं बघा. फाईलमध्ये ध्येय लिहिलेलं: गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकणं, वॉकरने चालणं. तिला विचारलं, ‘मावशी, घरी गेल्यावर आधी काय करायचंय?’ तर उत्तर, ‘खुरपायला बसायचंय, कपाशीत तण माजलंय.’ ती फिजिओच्या व्यायामाला टाळाटाळ का करतेय ते इथे कळतं: चालता येऊन काय उपयोग, बसता येणार नसेल तर? नव्या गुडघ्यावर उकिडवं बसणं सर्जन नको म्हणतात, म्हणजे तिचं ध्येय जसंच्या तसं मान्य करता येत नाही. मग बोलणं करावं लागतं. खुरपणी यंदा मजुराकडे. कापूस वेचणीपर्यंत सऱ्यांमधून काठीशिवाय उभ्याने वावरता येणं, हे ठरवू. संडास भारतीय पद्धतीचा आहे, त्यावर कमोडची खुर्ची ठेवायची, आणि ती आणेल कोण ते मुलाला आज संध्याकाळी भेटीच्या वेळी विचारायचं. हे डॉक्टरांच्या राऊंडमध्ये होत नाही, होऊही शकत नाही. किंग यांची मांडणी बेशुद्ध पेशंटपाशी अडखळते, हा आक्षेप मात्र खरा. तिथे नातेवाईकांशी बोलून काम भागवावं लागतं, आणि आपल्या घरांत निर्णय तिसराच कुणी, बहुतेकदा गावाकडचा थोरला भाऊ, घेत असतो.

‘ॲडाप्टेशन म्हणजे मुकाट सोसा.’ हा सगळ्यात अन्यायकारक मुद्दा, कारण रॉय यांच्या मॉडेलमध्ये नर्सने हात घालायचा तो आधी परिस्थितीत. माणसावर ताण आणणाऱ्या गोष्टी त्या तीन थरांत बघतात: आत्ता समोर उभी असलेली, तिच्या आजूबाजूची, आणि मनात खोल दडलेली, जिचा नेमका परिणाम अजून सांगता येत नाही. नर्सचं काम या गोष्टी बदलणं, कमी करणं, शक्य तर काढून टाकणं. मग तो माणूस शरीराने, स्वतःबद्दलच्या भावनेने, घरातल्या-कामातल्या भूमिकेने आणि नात्यांतल्या देण्या-घेण्याने कसा सावरतो ते बघणं.

मधुमेहाने गुडघ्याखाली पाय कापलेला रिक्षावाला समजा. शरीराच्या बाजूने पहिलं काम क्षुल्लक वाटणारं आहे. बायको प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवते, बरं वाटावं म्हणून. ती उशी काढायची, का काढली ते तिला सांगायचं, नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. रात्री त्याला नसलेल्या पायाची बोटं ठणकतात. वेड लागलं म्हणतील म्हणून तो सांगत नाही. आपण आपणहून विचारायचं, आणि असं बऱ्याच जणांना होतं, हे दुखणं खरं असतं, त्यावर औषध आहे, हे सांगायचं. भूमिकेच्या बाजूने: रिक्षा गेली, आता मी घरात कोण? तिसरा मजला, लिफ्ट नाही, रिक्षाचे हप्ते चालू. हा दुसरा थर. आणि ‘मागच्या जन्माचं पाप’ हा तिसरा, जो फाईलमध्ये कुठेच नसतो. यात सोसा कुठे आहे? समाजसेवा अधीक्षकांना आज बोलवायचं की डिस्चार्जच्या दिवशी, हा निर्णय यातून निघतो. जुळवून घेणं एकतर्फी नसतं हे बघायचं तर जयपूर फूट बघा: परदेशी कृत्रिम पायावर बूट लागायचा, मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून १९६० च्या दशकाच्या शेवटी रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी पायच बदलला. रॉय यांच्या भाषेवर माझा राग आहे, तो वेगळा. चारही बाजू एकमेकींत घुसतात आणि विद्यार्थी कुठलं काय कुठे लिहायचं यातच अडकतात.

‘चाळीस पेशंटला एक सिस्टर.’ दुखणं खरं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ आणि इतर ठिकाणी ५ मागे १ नर्स असे आहेत, आणि वॉर्डात काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण याचं उत्तर थिअरी टाकणं नव्हे. चाळीस खाटा म्हणजे चाळीस सारखे पेशंट नव्हेत. त्यातले सहा पूर्ण आपल्या हातावर, वीस अर्धेमुर्धे, बाकीच्यांना फक्त शिकवणं बाकी, ही विभागणी पाळी बदलताना हँडओव्हरला केली तर दोन हात कुठे आधी न्यायचे ते ठरतं. आणि मेट्रनकडे माणूस मागताना ‘फार लोड आहे’ म्हणण्यापेक्षा ‘पूर्ण परावलंबी सहा आहेत’ हे वाक्य जड पडतं. उलट बाजूचा धोकाही सांगून ठेवते: रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि ‘पेशंटला स्वावलंबी करा’ असं परिपत्रक काढायचं, असा कुणी या थिअरीचा वापर केला तर त्याला पहिला विरोध आपण केला पाहिजे.

‘पुरावा काय?’ रास्त प्रश्न. थिअरी म्हणजे गोळी नव्हे, तिच्यावरून बेतलेलं काम तपासावं लागतं. असे अभ्यास पुष्कळ आहेत आणि त्यातले अनेक छोटे, थोड्या दिवसांचे, कच्चे आहेत, हे मान्य. पण याच विचाराच्या वाटेवर नर्सिंग संशोधक बार्बरा रीगल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दीर्घ आजारांतल्या सेल्फ-केअरची तपासता येईल अशी मांडणी केली: रोजची काळजी, स्वतःवर लक्ष, आणि बदल दिसल्यावर कृती. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला रोज सकाळी लघवीनंतर वजन करा, तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर कळवा, असं सांगतात ते याच चालीचं.

मजकुराच्या बुडाशी असलेला समज, की आपल्या गरीब, कमी शिकलेल्या पेशंटला हे झेपणार नाही, तो तर ओरेमबाईंच्या पुस्तकाआधीच तपासून झाला. मद्रासमध्ये १९५६ पासून क्षयरोग्यांचे दोन गट करून एकाला सॅनेटोरियममध्ये आणि एकाला झोपडपट्टीतल्या घरीच वर्षभर औषधं दिली. घरी गर्दी, जेवण निकृष्ट, कामं चालूच. १९५९ मध्ये आलेले निकाल दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले. औषध नेमाने दिलं जात होतं, घरी भेटी होत होत्या, गोळ्या खरंच घेतल्या का ते लघवी तपासून बघत होते. म्हणजे माणसाला एकटं सोडलं नव्हतं, आणि खाटेला बांधूनही ठेवलं नव्हतं.

पेपरात चौकटी काढायला लावण्याऐवजी मी असा प्रश्न घालीन: साठीची बाई, पहिल्यांदाच इन्सुलिन, उद्या डिस्चार्ज. बाटलीतलं इन्सुलिन मिलीला ४० युनिटचं. मुलाने बाहेरून आणलेली सिरिंज केशरी टोपीची, म्हणजे मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. तिच्यात वीसच्या खुणेपर्यंत भरलं तर जातील फक्त आठ युनिट. बाईला जवळचं दिसत नाही, सून सकाळी सातला कामावर जाते, शेजारी शाळकरी नातू. कोणतं काम कोण करेल, ते तुम्ही कसं ठरवाल, आणि कुणाकडून काय करून घेतल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही करणार नाही? १५ गुण.