घुंगरमाळ, प्लॅस्टिकचा ड्रम आणि काकांच्या पुंगळ्या: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय सगळा वाचला. बैलांची घुंगरमाळ आणि दोन मोठ्या पितळी घंटा तुम्ही आमच्याकडे बेळगावच्या उद्यमबागेत पॉलिशला दिल्या होत्या. तुमचं म्हणणं असं, की आमचं मशीन कंपनीचं नाही, प्लॅस्टिकच्या ड्रमाला जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून केलेला जुगाड आहे. आरशासारखी चमक आली नाही. दुसरीकडे ॲसिडमध्ये बुडवून तासाभरात मिळतं ते काम आम्ही रखडवलं. आणि तुमच्या काकांनी आठवण म्हणून जपलेल्या बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायला नकार देऊन आम्ही त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. ही शेवटची गोष्ट मनाला लागली, म्हणून आधी तिच्याबद्दल.

काकांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं गाव. इथल्या खेड्याखेड्यांत पेन्शनवर आलेले फौजी आहेत आणि आमच्या गिऱ्हाइकांतही आहेत. नकार होता तो पिशवीतल्या मालाला. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या मसाल्यात बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं. बार उडाला की त्याची काजळी पुंगळीच्या आत आणि टोपीच्या खोबणीत बसते. पुंगळ्या ड्रममध्ये फिरवल्या की ती सुटते. सुक्या पद्धतीत धूळ होऊन आमच्या पोरांच्या नाकात जाते, ओल्या पद्धतीत पाण्यात आणि मालासोबत फिरणाऱ्या स्टीलच्या पिनांवर राहते. त्याच ड्रममध्ये दुसऱ्या दिवशी कुणाच्या देवघरातली समई, कुणाचा पाण्याचा तांब्या फिरणार असतो. शिसं लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतं. एवढं माहीत असताना मी तो माल ड्रममध्ये घालणार नाही, मग तो कुणीही आणो.

शिवाय पिशवीभर पुंगळ्यांत एखादी न उडालेली टोपी असू शकते. वरवर बघून ते सांगता येत नाही. आणि 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवण्याच्या, दुरुस्तीच्या किंवा विक्रीच्या कामाला परवाना लागतो. आमच्याकडे तो नाही, त्यामुळे त्या कामाच्या जवळपाससुद्धा आम्ही जात नाही.

तुम्ही मोबाइलवर दाखवलेला व्हिडिओ अमेरिकेतला होता. तिकडे नेमबाजीचे शौकीन उडालेल्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात, आणि भरण्याआधी त्या लख्ख लागतात. त्यासाठी कुणी प्लॅस्टिकची बादली, कुणी जाड पीव्हीसी पाइप, कुणी जुन्या कपडे सुकवायच्या मशीनची मोटर वापरून घरच्या घरी टंबलर, म्हणजे माल घोळवणारा फिरता ड्रम, बनवतात. तिकडचा कायदा वेगळा. पण दादा, त्या व्हिडिओत ज्या ड्रमाचं तुम्ही कौतुक केलंत, तो आणि आमचा ड्रम एकाच तत्त्वावर फिरतात. आमची कल्पना त्या लोकांकडूनच आलेली आहे.

ड्रमाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण उद्यमबाग आणि मच्छेतल्या कारखान्यांचे पितळी पार्ट याच ड्रममधून जातात आणि तुमचं लिहिणं तेही वाचतात. आमचा ड्रम साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचा आहे. एवढ्या ड्रमला मिनिटाला 77 च्या आसपास फेरे दिले की आतला माल भिंतीला चिकटून गोल फिरतो, एकमेकांवर घासतच नाही. निम्म्याच्या आसपास वेग ठेवला की माल थोडा वर चढतो आणि ढासळत खाली येतो. काम होतं ते या ढासळण्यात. मोटर 1440 फेऱ्यांची. दोन इंची पुलीवरून आठ इंची पुलीवर पट्टा घेतला की राहिले 360. पुढे रबर चढवलेला 30 मिलिमीटरचा रूळ 300 मिलिमीटरचा ड्रम फिरवतो, म्हणजे 36. हा हिशेब कंपनीच्या मशीनला लागू होतो तसाच आमच्या मशीनला. आतून तीन पट्ट्या बसवल्यात, त्या नसतील तर माल नुसता घसरत राहतो.

प्लॅस्टिक स्वस्त म्हणून घेतलेलं नाही. ओल्या कामात आम्ही किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड घालतो, लिटरला दोन-तीन ग्रॅम, आणि थोडा भांड्यांचा साबण. सोबत स्टेनलेसच्या बारीक पिना, सुमारे एक मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर लांब. पितळेवरचा काळा थर सुटताना थोडं तांबं त्या पाण्यात उतरतं. ड्रम साध्या लोखंडाचा असेल तर तेच तांबं परत मालावर बसतं आणि पिवळं पितळ गुलाबी होऊन बाहेर येतं. एखादा लोखंडी नट चुकून आत राहिला तरी हे होऊ शकतं. आमच्याकडे माल भरण्याआधी चुंबक फिरवतात तो यासाठी.

आता तुमची घुंगरमाळ. उशीर का लागला याचं उत्तर तिच्या पोटात आहे. बैलाच्या घुंगरात बऱ्याचदा लोखंडाची गोटी असते. तुमच्या माळेला चुंबक लावला तर जवळजवळ प्रत्येक घुंगरू ओढलं जात होतं. अशी घुंगरं ॲसिडच्या पाण्यात घातली तर गोटी गंजते, गंजाचं पाणी फटीतून झिरपत राहतं, आणि पितळ आतून-बाहेरून तांबूस पडतं. म्हणून घुंगरं आम्ही सुकीच फिरवतो: दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा, त्यात चमचाभर पॉलिश. भरडा इतका बारीक घ्यावा लागतो की घुंगराच्या फटीतून आत गेला तरी हलवल्यावर बाहेर पडेल. मधल्या मापाचा घेतला तर आत अडकून घुंगरू मुकं होतं. ही पद्धत मुळातच संथ आहे. ओल्या ड्रमात दोन-तीन तासांत होणाऱ्या कामाला इथे रात्र पुरत नाही. त्यात तुम्ही माल दिलात कर्नाटकी बेंदराच्या तोंडावर. ज्येष्ठ पौर्णिमेआधी खानापूरपासून निपाणीपर्यंतची घुंगरं आणि घंटा आमच्याकडे येतात. तारीख पावतीवर लिहून दिली होती आणि त्या तारखेलाच माल तयार होता.

ॲसिडमध्ये तासाभरात होतं, हे खरं आहे. नायट्रिक आणि सल्फ्युरिक मिसळून केलेल्या डिपमध्ये तर काही सेकंदांत पितळ झळकतं. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तीव्र ॲसिडचा हात जरा लांबला, की जस्त आधी निघून जातं आणि वर तांबूस, भुसभुशीत थर उरतो. घुंगराचा पत्रा आधीच पातळ. वर त्या कामात जो तपकिरी धूर निघतो तो फुप्फुसं जाळणारा असतो. छोट्या शेडमध्ये पोरांना त्यावर उभं करायला मी तयार नाही.

अमोनियाच्या पॉलिशबद्दलही तुम्ही विचारलं होतंत. त्याचं उत्तर पुंगळ्यांनीच दिलेलं आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असत, आणि मोसम संपला की त्यांच्या पितळेला तडे गेलेले दिसत. कारण बरीच वर्षं कळलं नाही. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते मांडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा, आणि पत्रा दाबून-ओढून आकार देताना पितळेत राहिलेला ताण. दाबून केलेल्या घुंगरातही तोच ताण असतो आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे अमोनिया असलेलं कुठलंही द्रव आमच्या शेडमध्ये येत नाही.

राहिली आरशाची चमक. ड्रममधून पितळ स्वच्छ आणि उजळ निघतं, पण ती चमक मऊ असते. आरसा हवा तर मोपवर, म्हणजे कापडाच्या फिरत्या चाकावर, बफिंग करावं लागतं. ते घंटेला बाहेरून जमतं. घुंगरांना नाही, कारण फटीच्या कडा झिजतात आणि वरची नक्षी बोथट होते. तुमच्या घंटांवरही नक्षी आहे, म्हणून आम्ही विचारल्याशिवाय मोप लावला नाही. नक्षी थोडी झिजली तरी चालेल असं तुमचं मत असेल, तर घंटा घेऊन या, बाहेरून बफ करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. त्याच वेळी ड्रम उघडून आतलं सगळं दाखवतो. काकांनाही आणा, त्यांना भेटायला मला आवडेल.

पुंगळ्यांचं म्हणाल तर त्या आधी परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याला दाखवा. सगळ्या उडालेल्या आहेत आणि ठेवायला हरकत नाही असं त्यानं सांगितलं, तर एक-दोन घरीही साफ होतात. हातमोजे घालून, स्वयंपाकघराबाहेर, जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात कोमट पाणी, चिमूटभर लिंबूफूल आणि साबण. दहा-पंधरा मिनिटांनी धुऊन पुसा. घासून धूळ उडवू नका, तापवू नका, आणि तो डबा पुन्हा कशाला वापरू नका.

घुंगरं चामड्याच्या पट्ट्यावर परत ओवणार असाल तर पट्टा आधी पूर्ण वाळू द्या आणि त्याला तेल लावलं असेल तर पुसून काढा. तेलकट चामड्याला टेकलेल्या पितळेवर हिरवा, मेणचट थर चढतो. तसा थर दिसू लागला तर माळ सुटी करून आणा, ती आम्ही परत सुक्या ड्रममध्ये फिरवून देऊ.