मलपृष्ठ सजवताना घ्यायची काळजी

पुस्तक लिहून झालं ना, मग आता खरं काम सुरू, मागच्या कव्हरवर काय छापायचं ते. एक आधीच सांगून ठेवतो, पुस्तकात काय आहे ते अजिबात सांगायचं नाही. ते कळलं की वाचक हवं का नको ते ठरवतो आणि बहुतेक वेळा खालीच ठेवतो. त्यापेक्षा 'सुन्न करणारं', 'अंतर्मुख करणारं', 'प्रत्येकाने वाचावंच असं' हे टाका, कवितांपासून शेअर बाजारापर्यंत कुठेही खपतं.

रहस्यकथा असेल तर 'शेवटचा धक्का तुम्ही स्वप्नातही ओळखणार नाही' हे पाहिजेच पाहिजे. म्हणजे वाचक पहिल्या पानापासून गोष्टबिष्ट सोडून नुसता धक्काच शोधत बसतो, अर्ध्यात त्याला तो सापडतोही आणि उरलेलं पुस्तक तो तुमच्या नावाने चरफडत वाचतो, पण तोवर बिल झालेलं असतं हो. अजून जागा उरली तर शेवटी शेवटी मरणारं पात्र मलपृष्ठावरच मारून टाका.

आता परीक्षणं. समजा कुणी लिहिलंय, 'सुरुवात जबरदस्त, पण पुढे लेखकाला काय म्हणायचंय ते त्यालाच कळलेलं नाही'. घाबरायचं नाही. 'जबरदस्त...' एवढंच उचला, ती तीन टिंबं बाकीचं सगळं पोटात घालतात.

परीक्षणच आलं नसेल तर एखादा नामवंत गाठा. अमेरिकन विचारवंत इमर्सनने १८५५ मध्ये कवी वॉल्ट व्हिटमनला कौतुकाचं खासगी पत्र लिहिलं, तर या पठ्ठ्याने १८५६ च्या आवृत्तीत त्यातली एक ओळ इमर्सनच्या नावासकट पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत ठोकून दिली, तीही न विचारता! तुम्ही निदान विचारा. नामवंत सहसा नाही म्हणत नाहीत, पुढच्या वर्षी त्यांचंही पुस्तक येणार असतं आणि तेव्हा तुमची पाळी. अमेरिकेतल्या सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने २०२५ मध्ये आपल्या मुख्य इम्प्रिंटच्या (म्हणजे ज्या नावाखाली पुस्तकं काढतात त्या शाखेच्या) लेखकांनी अशी कौतुकाची वाक्यं गोळा करायची सक्तीच काढून टाकली, यात कुणाचाच वेळ सत्कारणी लागत नाही म्हणे. काहीतरीच! मग लेखकांनी एकमेकांना फोन तरी कशाला करायचे?

आणि कुणी खोदून विचारलंच की पुस्तक नेमकं कशावर आहे, तर 'ते शब्दांत सांगता येणार नाही' म्हणा. तुमच्या नामवंतांनीही तेच लिहून दिलंय, त्यांच्याकडे पाठवलेली पीडीएफ उघडत नव्हती.